देऊळ डाव्या हाताला ठेवून

कंबोडियातल्या अंगकोर वाट देवळाच्या पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाच्या शिल्पपटासमोर एक ग्रुप उभा होता. सगळ्यांच्या डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या, गळ्यात ओळखपत्रं. त्यातल्या एक आजी भिंतीला हात न लावता, हवेतल्या हवेत बोट नाचवत देव मोजत होत्या आणि मोजता मोजता डावीकडे सरकत होत्या. वीस-पंचवीस झाले असतील नसतील, तेवढ्यात टूर मॅनेजरची छत्री वर गेली. ‘चला मंडळी, अजून बायोन व्हायचंय.’ आजींनी बोट खाली घेतलं आणि निमूटपणे निघाल्या. मंथनाच्या मध्यावर विष्णू उभा आहे, त्याच्यापर्यंत त्या पोचल्याच नाहीत. त्याच्या पलीकडे असुरांची अख्खी रांग आहे, हे त्यांना कळलं की नाही कोण जाणे.

ती अर्धवट राहिलेली मोजणी डोक्यातून जात नाही. तो पट ४९ मीटर लांब आहे. देव ८८ आणि असुर ९२. एकेकाकडे नुसते दोन दोन सेकंद बघायचं म्हटलं तरी सहा मिनिटं लागतात. एवढाही वेळ निघत नाही, कारण बहुतेक ग्रुप टूरमध्ये अंगकोर हा व्हिएतनामला जोडलेला तुकडा असतो. अलीकडे विमान, पलीकडे विमान आणि मध्ये दीड दिवस. त्यात अंगकोर वाट, बायोन आणि ता प्रोम अशी तीन देवळं उरकायची. यात टूर मॅनेजरचा दोष फारसा नाही. चाळीस जणांना उन्हात फिरवून, कुणाला चक्कर येऊ न देता वेळेवर विमानतळावर पोचवणं हे सोपं काम नव्हे. अंगकोरला लागून असलेल्या सिएम रीप शहराचा नवा विमानतळ २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. तो शहरापासून चांगलाच लांब आहे, त्यामुळे जाण्यायेण्यात आणखी दोन तास गेलेच. पण त्या आजींचं गणित चुकलं ते वेळ कमी होता म्हणून नव्हे. त्यांना उलट्या टोकाने आत आणलं होतं.

अंगकोर वाटला क्रम आहे, आणि तो आपल्या सवयीच्या उलटा आहे.

आपण देवळात शिरलो की पाय आपोआप डावीकडे वळतात आणि देव उजव्या हाताला राहतो. इथे देऊळ डाव्या हाताला ठेवून चालायचं. सूर्यवर्मन दुसरा याने १२ व्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी बांधलेल्या या देवळाचं तोंड पश्चिमेला आहे, आणि त्याच्या ओवऱ्यांमधले शिल्पपट पश्चिमेकडून दक्षिणेला, मग पूर्वेला, मग उत्तरेला असे अपसव्य लागतात. पश्चिमेचं तोंड आणि ही उलटी फेरी यांवरून काही अभ्यासकांनी देवळाचा संबंध राजाच्या अंत्यसंस्काराशी जोडला आहे. त्यावर वाद आहेत. मराठी माणसाला मात्र हा तर्क ऐकताक्षणी पटायला हरकत नाही, कारण श्राद्धाला जानवं उजव्या खांद्यावर घेताना आपण तेच करतो. वादाचा निकाल काहीही लागो, चालणाऱ्याने दिशा पाळावी. पश्चिमेच्या मुख्य दारातून ओवरीत शिरून उजवीकडे वळलं की पहिलं कुरुक्षेत्र लागतं. डावीकडून कौरव, समोरून पांडव, खालच्या पट्टीत शिस्तीत चाललेले पायदळ आणि वाद्यं, वर हत्ती-रथांवरचे सेनानी, आणि मधोमध दोन्ही सैन्यं एकमेकांत घुसलेली. भीष्म शरपंजरी पडलेले सुरुवातीलाच वरच्या अंगाला दिसतात. अर्जुनाचा सारथी चार हातांचा आहे, त्यामुळे कृष्ण शोधावा लागत नाही. कोपरा वळला की दक्षिणेच्या ओवरीत खुद्द सूर्यवर्मनची मिरवणूक लागते. राजा बसलेला, डोक्यावर छत्र्यांची दाटी, पुढे एकेका सरदाराची पलटण आणि जवळ त्याच्या नावाचा छोटा लेख. पुढच्या भागात यमाचा दरबार, चित्रगुप्त, ३७ स्वर्ग आणि ३२ नरक. आणि मग पुन्हा कोपरा वळून मंथन. अशा वाटेने आलं की आधी माणसांचं युद्ध, मग राजा, मग मरणानंतरचा निवाडा आणि मग अमृतासाठीची घुसळण अशी साखळी जुळत जाते. उलट्या टोकाने आलेल्या माणसाला ४९ मीटर लांबीची एक सुटी भिंत मिळते.

आता अडचण उजेडाची. पश्चिमेच्या ओवरीत सकाळी अंधार असतो आणि ती शिल्पं फार उथळ कोरलेली आहेत. सकाळी सातला कुरुक्षेत्रासमोर उभं राहिलं तर करडा दगड आणि त्यावर काहीतरी गजबज एवढंच दिसतं. दुपारी तीननंतर ऊन खांबांमधून आत येतं आणि एकेक घोडा, एकेक भाला सुटा होतो. मंथनाचं नेमकं उलट. पूर्वेकडच्या झाडीवर सूर्य आला की उन्हाचे पट्टे भिंतीवर पडतात, मध्ये खांबांच्या सावल्या. पट्ट्यापट्ट्यांतलं ते ऊन डोळ्यांना त्रास देतं आणि फोटोत तर सगळं चिरफाळलेलं येतं. थोड्या वेळाने सूर्य वर चढतो, ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर येतं, आणि फरशीवरून उसळलेला मऊ उजेड सगळ्या पटावर सारखा पसरतो. मंथन बघायची वेळ ती. म्हणजे एकाच देवळाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या वेळा हव्यात, आणि कुठलाही एक फेरा दोन्ही साधू शकत नाही. यावर एकच उपाय आहे. अंगकोर वाटला दोनदा जायचं, एकदा सकाळी आणि एकदा दुपारी तीननंतर. ग्रुपच्या कार्यक्रमात हे बसवायला तिसरं-चौथं देऊळ गाळावं लागलं तर खुशाल गाळावं.

तिकिटाची त्याला आडकाठी नाही. एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२ आणि सात दिवसांचं ७२. तीन दिवसांचं तिकीट दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस वापरता येतं, आणि त्या दिवसांत कितीही देवळांत कितीही वेळा जाता येतं. १२ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ हवा. देवळाच्या दारात तिकीट मिळत नाही. त्याचं कार्यालय शहराच्या बाजूला वेगळं आहे, आणि तिथे प्रत्येकाचा फोटो काढून तो तिकिटावर छापतात. चाळीस जणांची रांग म्हणजे अर्धा-पाऊण तास धरून चालावं, आणि ही रांग पहाटे साडेचारला लागली तर सूर्योदय हातचा गेला. म्हणून तिकिटं आधी ऑनलाइन काढावीत, नाहीतर आदल्या संध्याकाळी पाचनंतर घ्यावीत. पाचनंतर घेतलेलं तिकीट दुसऱ्या दिवसापासून मोजलं जातं आणि त्या संध्याकाळी आतही सोडतात. तिकीट प्रत्येक देवळात तपासतात, त्यामुळे ते बसमध्ये, सीटखालच्या बॅगेत ठेवण्याची वस्तू नाही. हरवलं तर नवं काढावं लागतं. पैसे डॉलरमध्ये चालतात, सुटे रिएलमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, परत येतात, आणि जरा फाटलेली किंवा शाईचा डाग असलेली डॉलरची नोट कुणी घेत नाही. निघण्यापूर्वी नोटा एकेक करून बघून घ्याव्यात.

सूर्योदयाबद्दल. अंगकोर वाट पहाटे पाचला उघडतं, आणि आत गेल्यावर डाव्या हाताच्या तळ्याकाठी शेकडो माणसं फोन वर धरून उभी राहतात. पाण्यात शिखरांचं प्रतिबिंब पडतं ते याच तळ्यात. दृश्य सुंदर आहे यात शंका नाही, पण उगवतीला काळ्या आकाराखेरीज देवळाचं काहीच दिसत नाही, कारण सूर्य देवळाच्या मागून येतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी पश्चिमेच्या गोपुरातून बघितलं तर तो मधल्या शिखराच्या डोक्यावरच उगवतो. त्या दिवशी गर्दीही त्याच हिशेबाने असते. खरी कमाई मात्र सूर्योदयानंतर आहे. सात वाजले की बहुतेक ग्रुप नाश्त्यासाठी हॉटेलात परततात, आणि तास-दीड तास ओवऱ्या जवळजवळ रिकाम्या मिळतात. हॉटेलला आदल्या रात्री सांगून नाश्त्याची पाकिटं बांधून घ्यायची, तळ्याजवळच्या दुकानांपाशी बसून खायचं, तिथेच स्वच्छतागृहाचं काम उरकायचं, कारण ओवऱ्यांच्या आत सोय नाही. माकडांना काही द्यायचं नाही. ती अंगावर येतात आणि चावतातही. आणि मग मुख्य दाराने आत जाऊन, उजवीकडे वळून, कुरुक्षेत्राला ‘दुपारी येतो’ म्हणत थेट यमाच्या दरबाराकडे. पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांच्या विष्णूची मोठी मूर्ती आहे, अंगावर भगवं वस्त्र, पुढे उदबत्त्या. तिची पूजा आजही चालू आहे. तिथून जाताना टोपी काढावी आणि आवाज खाली आणावा.

मंथनासमोर उभं राहिलं की पहिल्यांदा नजर विष्णूकडे धावते. तिला आवरायचं. दक्षिण टोकापासून सुरुवात करायची. तिथे वासुकीची फणा आहे आणि ती असुरांच्या हातात आहे, कथेत असतं तसंच. असुरांचे डोळे वटारलेले, डोक्यावर तुऱ्याचा मुकुट. सगळे सारखे वाटतात, पण दहा-बारा ओलांडले की ताण जाणवायला लागतो. सगळ्यांची गुडघ्याची वळणं एकाच कोनात, सगळ्यांचं वजन मागे गेलेलं, आणि सापाचं अंग त्यांच्या हातातून सरळ रेषेत, कुठेही न लोंबता गेलेलं. खालच्या पट्टीत समुद्र आहे, मासे, मगरी, कधी न पाहिलेले जलचर. मध्याकडे जावं तसतशी त्यांची दाटी वाढते, आणि मंदर पर्वताच्या जवळ आलं की मासे अखंड राहत नाहीत. घुसळणीने त्यांचे तुकडे झालेले आहेत. कुणाचं शेपूट वेगळं, कुणाचं डोकं वेगळं. कारागिराने पाण्याचा वेग दाखवायला पाणी कोरलं नाही, तुटलेले मासे कोरले. वरच्या पट्टीत अप्सरा उडताहेत, त्यांना पायाखाली काहीच नाही. मधोमध चार हातांचा विष्णू, त्याच्या खाली पाठीवर पर्वत तोललेलं कासव. आणि पलीकडे देवांची रांग, बदामी डोळ्यांची, उंच निमुळत्या मुकुटांची. या रांगेच्या अगदी शेवटी वासुकीचं शेपूट धरून कोण आहे? वानर. आपल्या कुठल्याही कीर्तनात मंथनाला वानर नसतो. इथे आहे, आणि तो रांगेतल्या बहुतेकांपेक्षा मोठा कोरलेला आहे. त्याला तिथे पाहून जे वाटतं त्यासाठी दक्षिणेकडून चालत यावं लागतं. उत्तरेकडून येणाऱ्याला तो सुरुवातीलाच भेटतो, आणि तो इथे कसा, हा प्रश्नही पडत नाही.

मंथनाच्या पुढे, पूर्वेच्या उरलेल्या अर्ध्या ओवरीत आणि उत्तरेच्या पहिल्या भागात विष्णूचं असुरांशी युद्ध आणि कृष्ण-बाणासुर आहे. ते पट १६ व्या शतकात कोरले गेले, मूळ कामानंतर चारशे वर्षांनी, आणि हात बदलल्याचं लगेच कळतं. ग्रुपला कुठे वेळ वाचवायचाच असेल तर तो इथे वाचवावा.

सगळ्यात वरचा चौक, ज्याला तिथे बाकान म्हणतात, त्याची मूळ पायरी इतकी उभी आहे की हाताचा आधार घेतल्याशिवाय चढता येत नाही. आता त्यावर कठड्याचा लाकडी जिना बसवला आहे, तरीही तो उभाच आहे. एका वेळी शंभर जणांनाच वर सोडतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि खांद्यावर ओढणी टाकलेली चालत नाही, बाह्या असलेला कपडाच लागतो. टोपी काढावी लागते. ग्रुपमधल्या दोघी-तिघींना इथे दरवेळी परत पाठवतात, आणि त्यांचा दिवस त्या एका गोष्टीने नासतो. ही सूचना हॉटेलातून निघण्यापूर्वी द्यायची असते, जिन्याखाली नव्हे. बौद्ध पंचांगातल्या पवित्र दिवशी, महिन्यातून साधारण चार वेळा, बाकान बंद असतं. सहलीच्या तारखा ठरवताना हे बघून घेतलेलं बरं. गुडघे दुखणाऱ्यांनी वर न गेल्याची खंत करू नये. वरून दिसतो तो जंगलाचा विस्तार आणि जवळून शिखरं. शिल्पांची श्रीमंती सगळी खाली आहे.

चाळीस जणांचं काय करायचं हा प्रश्न ओवरीत खरा कसाला लागतो. ती अरुंद आहे. गाइड बोलतोय आणि सगळे ऐकताहेत असं घडायला चाळीस जण भिंतीला समांतर उभे करावे लागतात, म्हणजे शेवटच्या माणसासमोर भलताच प्रसंग असतो. गाइड ‘हे बघा भीष्म’ म्हणतो तेव्हा शेवटचे पंधरा जण घोडे बघत असतात. ग्रुपचे दोन भाग करावेत आणि दोन स्थानिक परवानाधारक गाइड घ्यावेत. एक भाग आधी बाकानच्या रांगेत, दुसरा ओवरीत, मग अदलाबदल. कानात लावायचे रिसीव्हर मिळाले तर उत्तम, गाइडला ओरडावं लागत नाही आणि शेजारच्या ग्रुपचंही ऐकू येत नाही. आणि एक साधी युक्ती, गाइडने आधी बाहेर, पायऱ्यांवर बसवून दहा मिनिटांत अख्खी कथा सांगावी, आणि मग पटासमोर सर्वांना गप्प चालू द्यावं. महाभारत-रामायण ज्यांना पाठ आहे त्यांना प्रत्येक आकृतीचं नाव लागत नाही. त्यांना शोधायला मजा येते. पश्चिमेच्या उत्तर भागातलं लंकायुद्ध तर लहान पोरंही वाचून काढतील, हनुमानाच्या खांद्यावर उभा राहून बाण सोडणारा राम आणि समोर रथात वीस हातांचा रावण.

मंथन अंगकोर वाटला संपत नाही, हे बायोनकडे जाताना कळतं. जयवर्मन सातवा याने १२ व्या शतकाच्या अखेरीस वसवलेल्या अंगकोर थोम नगरीच्या दक्षिण दरवाजासमोरच्या पुलावर दोन्ही बाजूंना ५४-५४ आकृती नाग ओढत बसल्या आहेत. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला असुर, आणि पुलाचा कठडा म्हणजेच नागाचं अंग. यातली बरीच डोकी नवी आहेत. मूळ काही चोरीला गेली, काही सुरक्षित जागी हलवली. हा पूल पायी ओलांडावा. मोठी बस त्या अरुंद दरवाजातून जातच नाही, छोट्या गाड्या किंवा टुकटुक घ्यावे लागतात, तेव्हा चढण्याची जागा पुलाच्या पलीकडे ठेवावी म्हणजे चालणं आपोआप होतं. बायोनमध्ये सगळे वरच्या दगडी चेहऱ्यांकडे धावतात. खालची बाहेरची ओवरी मात्र रिकामी असते, आणि तिच्यात राजापेक्षा रयत जास्त आहे. मासे विकणाऱ्या बायका, कोंबड्यांची झुंज, भात शिजवणारे आचारी, शेजारच्या राज्यातल्या चाम लोकांशी झालेली नावांवरची लढाई आणि पाण्यात पडलेल्यांना धरणाऱ्या मगरी. पूर्वेकडून शिरून डावीकडे वळायचं. इथे आपली नेहमीची प्रदक्षिणाच चालते, देऊळ उजव्या हाताला. बायोनचं दार पूर्वेला असल्याने इथे सकाळ बरी, आणि देऊळ साडेसातला उघडतं.

ता प्रोमबद्दल थोडंच. ११८६ चा इथला शिलालेख सांगतो की या आवारात १२,६४० माणसं राहत होती, त्यात ६१५ नर्तकी होत्या. हे डोक्यात ठेवून आत गेलं तर झाडांच्या मुळांखाली दबलेल्या त्या भिंती वेगळ्या दिसतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण तिथे बरीच वर्षं काम करतं आहे, आणि त्या कामातली गोम अशी की झाड भिंत फोडतंही आणि धरूनही ठेवतं. झाड कापलं तर भिंत कोसळते, ठेवलं तर हळूहळू उकलते. वादळात झाड पडलं तर दोन्ही जातात. म्हणून तिथे टेकू, लोखंडी चौकटी आणि लाकडी चौथरे दिसतात. फोटोत ते येऊ नयेत म्हणून लोक कसरत करतात. मला तर तेच बघण्यासारखे वाटतात.

हातात अजून अर्धा दिवस असेल तर तो बांते स्रेईला द्यावा, सूर्यास्ताच्या टेकडीला नाही. प्नोम बाखेंगवर एका वेळी तीनशे जणांनाच सोडतात, तासभर आधी रांग लागते आणि ढग असले तर सगळं पाण्यात. बांते स्रेई शहरापासून तासाभराच्या वाटेवर आहे. इ. स. ९६७ मध्ये प्रतिष्ठा झालेलं हे शिवाचं देऊळ कुठल्या राजाने नव्हे, यज्ञवराह या राजगुरूने बांधलं, आणि ते इतकं लहान आहे की पहिल्यांदा फसवणूक झाल्यासारखं वाटतं. मधल्या गाभाऱ्याचं दार जेमतेम १.०८ मीटर उंच आहे. पण दगड गुलाबी आणि घट्ट, लाकडासारखा कोरला जाणारा, आणि कोरीव काम इतकं खोल की हजार वर्षांनंतरही पानाच्या कडा बोथट झालेल्या नाहीत. आतला भाग दोरी बांधून बंद केलेला आहे, म्हणून छोटी दुर्बीण न्यावी. दक्षिणेच्या ग्रंथालयाच्या पूर्वेकडच्या दारावर रावण कैलास हलवतो आहे. वेरूळला हाच प्रसंग अंधारात, अंगावर येणारा आहे. इथे तो पायऱ्यापायऱ्यांनी रचलाय. सगळ्यात वर शिव आणि त्याला बिलगलेली पार्वती, खाली घाबरलेले ऋषी, त्याखाली प्राण्यांच्या तोंडाचे गण, त्याखाली पळणारे हत्ती आणि सिंह, आणि तळाशी रावण. भीती वरून खाली वाढत जाते. शेजारच्या, उत्तरेच्या ग्रंथालयावर खांडववन जळतंय. वर तीन तोंडांच्या ऐरावतावर इंद्र, तिथून तिरप्या रेघांनी पडणारा पाऊस, आणि मध्येच बाणांचा एक सपाट थर, ज्याच्या खाली पाऊस उतरत नाही. अर्जुनाने बाणांचं छप्पर केलं हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. ते छप्पर डोळ्यांनी बघायला मिळतं ते इथे.

अशा ठिकाणी ग्रुपमधून एक वाक्य हमखास येतं, ‘हे सगळं आपलंच आहे.’ ते ऐकून आधी ऊर भरून येतो, आणि लगेच काहीतरी खुपतं. कथा आपल्या ओळखीच्या आहेत, खरंच. एरवी परदेशात मूर्तीखालची पाटी वाचल्याशिवाय काही कळत नाही, आणि इथे साठीच्या बाईला शरपंजर दुरून कळतो, तिचे डोळे पाणावतात. हे सुख कुणी हिरावू नये. पण हनुमानाच्या खांद्यावरून लढणारा राम, शेपटाला धरून उभा असलेला वानर, पश्चिमेला तोंड केलेला विष्णू, हे ख्मेर, म्हणजे इथल्याच लोकांच्या, डोक्यातून आलेलं आहे. कुलेनच्या डोंगरातून दगड काढून, कालव्यांतून तराफ्यांवर आणून, त्यांनी ते उभं केलं. पुढे त्याच देवळात बुद्ध आला आणि आजही भिक्षू तिथे असतात. त्यांच्यासमोर मोठ्याने आरती सुरू करण्याआधी ग्रुपने एवढं लक्षात घ्यावं. हळू म्हटलेल्या स्तोत्राला कुणाची ना नाही.

आणि दगडाची काळजी. तो वालुकाश्म आहे, थराथरांचा. वरचे दगड पुढे पुढे सरकवत रचून छत केलेलं, खऱ्या कमानीची पकड त्याला नाही, त्यामुळे सांधे उघडले की पावसाचं पाणी आत झिरपतं, सोबत क्षार आणतं, आणि ते क्षार शिल्पाच्या आतून पापुद्रे सोडवतात. मंथनाच्या ओवरीचं हेच झालं होतं. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने तिथे छताचे दगड उतरवून, पाणी बाहेर जाण्याची मूळ व्यवस्था मोकळी करून, पुन्हा बसवले. बाफुओनचं तर अख्खं देऊळ सुटं केलं होतं, सुमारे तीन लाख दगड, आणि ख्मेर रूज या कट्टर साम्यवादी राजवटीच्या काळात त्यांच्या नोंदी नष्ट झाल्या. ते कोडं सोडवून देऊळ २०११ मध्ये पुन्हा उभं राहिलं. पाण्याचा बंदोबस्त असा करता येतो, हातांचा नाही. कुरुक्षेत्राच्या खालच्या पट्टीतले काही सैनिक काळे कुळकुळीत चकाकतात ते वर्षानुवर्षांच्या तळव्यांच्या तेलाने, असं म्हणतात. हात लावू नका हे सगळे ऐकतात. बॅग मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. अरुंद ओवरीत समोरून दुसरा ग्रुप आला की चाळीसच्या चाळीस पाठी भिंतीकडे वळतात, आणि सॅकची चेन, पाण्याच्या बाटलीचं झाकण, कॅमेऱ्याचा स्टँड कंबरेच्या उंचीवरच्या शिल्पावर घासत जातो. ओवरीत शिरण्यापूर्वी टूर मॅनेजरने प्रत्येकाची सॅक पोटाशी घ्यायला लावावी, आणि समोरून गर्दी आली तर खांबांच्या बाजूला सरकायचं हे आधीच ठरवून टाकावं.